बाईंचं कार्टं

ऑक्टोबरचा दुसरा रविवार, सकाळी साडेदहा. हजर: मी, बाईंचा भाचा (लीड्सच्या हॉस्पिटलात भूल देणारा डॉक्टर), त्याची बायको, आणि घर रिकामं करून देणारे दोघे जण, त्यांच्या व्हॅनसकट. गैरहजर: शेजारचा समीर. त्याची गाडी दारात उभी होती, वरच्या मजल्यावरचा पडदा दोनदा हलला, पण तो आला नाही.

बाई सप्टेंबरात गेल्या. घर विकायचं ठरलं आणि आवराआवरीची यादी करायचं काम अर्थातच माझ्याकडे आलं. मी तीन रंगांची स्टिकरं नेली होती: हिरवं ठेवायचं, पिवळं द्यायचं, लाल टाकायचं. साडेअकरापर्यंत पुढची खोली संपली. स्वयंपाकघरात मात्र भाच्याच्या बायकोनं फळीवरून एक डबा काढला आणि ती हसायला लागली. डब्यावर बाईंच्या टपोऱ्या अक्षरात चिठ्ठी होती: "साखर. क्रिटिकली एन्डेंजर्ड."

"आँटीचा जोक होता," भाचा म्हणाला. त्याचं मराठी लीड्समध्ये वाढलेलं आहे, त्यात सगळ्या वस्तू पुल्लिंगी असतात.

जोक नव्हता. पण तो डबा हातात धरून मी समजवायला लागले तेव्हा लक्षात आलं की दोन वाक्यांत हे काही सांगून होणार नाही. भाचा म्हणाला, "मग लिहून दे ना. फॅमिलीत सगळ्यांना पाठवतो." म्हणून हे लिहिते आहे. त्याला यातलं किती पाठवता येईल, ते शेवटी कळेल.

जगभरात जी झाडं आणि प्राणी संपत चालले आहेत त्यांची एक लाल यादी असते. तिच्यात पायऱ्या असतात. लीस्ट कन्सर्न म्हणजे काळजी नको. मग व्हल्नरेबल, मग एन्डेंजर्ड, मग क्रिटिकली एन्डेंजर्ड, आणि त्यापुढे नामशेष. बाईंनी ही यादी घरात आणली होती. दूध, साखर, चहा यांच्या पायऱ्या रोज बदलत. कोपऱ्यावरचा ज्यूंचा कोशर खाटीक व्हल्नरेबल होता, कारण त्याचा मुलगा अकाउंटंट झाला. लायब्ररीसमोरून जाणारी बस एन्डेंजर्ड. नागपूरचा एक मुलगा त्यांच्याकडे भाडेकरू म्हणून होता, तो चार महिने नूडल्सवर राहिला, त्याच्या दारावर त्यांनी "क्रिटिकल" अशी चिठ्ठी लावली आणि खाली डाळीची पाककृती.

मी राहायला गेले त्या आठवड्यात विचारलं, "बाई, मी कुठल्या पायरीवर?"

"तू लीस्ट कन्सर्न. तू याद्या करतेस. याद्या करणाऱ्यांना काही होत नसतं, होतं ते यादीतल्यांना."

मी हसले होते.

लंडनच्या उत्तर टोकाला, एजवेअरहून बसनं वीस मिनिटांवर, त्यांचं घर. मी पुण्याहून कामाच्या व्हिसावर आले तेव्हा महाराष्ट्र मंडळाच्या फलकावर त्यांची जाहिरात होती: "खोली देणे आहे. मराठी बोलणारे हवे. स्वच्छ असल्यास बरे." फोन केला तर पलीकडून जुन्या मुंबईचं खणखणीत मराठी आलं. दारात गेले तर चौकटीला मेझुझा, ज्यूंच्या दाराला असते ती प्रार्थनेची छोटी डबी. मी बघत राहिले तसं त्या म्हणाल्या, "काय बघतेस? ज्यू आहे मी. आम्ही अलिबागकडचे शनवार तेली. शनिवारी घाणा बंद ठेवणारे. चपला बाहेर काढ."

त्या विशीत असताना इथे आल्या, नवरा लवकर गेला, मूल नव्हतं. निवृत्त होईपर्यंत एका शाळेच्या जीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत काचपट्ट्या तयार करायच्या. शिक्षक त्यांना घाबरून असत. घरात एकच नियम होता: उंबऱ्याच्या आत मराठी. देवळात, म्हणजे त्यांच्या सिनेगॉगमध्ये, सगळे इंग्रजी बोलणारे. त्यांच्या पिढीतल्या मराठी बोलणाऱ्या मैत्रिणी एकेक करून गेलेल्या. म्हणून त्या भाडेकरू ठेवत. हिटिंगच्या बाबतीत त्या क्रूर होत्या. नोव्हेंबर उजाडल्याशिवाय बटणाला हात लावू देत नसत. माझ्या नवऱ्याला पहिल्यांदा भेटल्यावर त्यांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "चांगला आहे. पण जंगल नाही गं, प्लँटेशन आहे. सगळी झाडं एका उंचीची." तो बेसिंगस्टोकच्या बिझनेस पार्कमध्ये नोकरी करतो. लग्न झाल्यावर आम्ही तिकडेच गेलो. तरी दर दुसऱ्या रविवारी मी बाईंकडे जायचे. माझ्या लॅपटॉपवरच्या कामांच्या तक्त्यात ती ओळ कायमची होती.

आता झाड.

ते बाईंच्या बागेत नव्हतंच. शेजारच्या बागेत, कुंपणापासून तीन फुटांवर. पूर्वी ती सगळी एका मोठ्या हवेलीची जमीन होती. हवेली गेली, घरं झाली, झाड तेवढं राहिलं. कॅलिफोर्नियातल्या डोंगरांत वाढणारा महाकाय सिकोया. इथले लोक त्याला वेलिंग्टोनिया म्हणतात. बाईंना ते नाव चालत नसे. "ज्यानं बघितलंही नाही त्या ड्यूकचं नाव झाडाला कशाला?" त्या त्याला कार्टं म्हणत. त्याच्या मायदेशात ही झाडं तीन हजार वर्षं जगतात, आणि हे जेमतेम दीडशेचं. "अजून दात यायचेत त्याला," त्या म्हणायच्या. सकाळी उठल्यावर खिडकी उघडून पहिलं वाक्य: "काय रे कार्ट्या, झोपलास का?" शंभर फुटांचं कार्टं. त्याची साल लालसर, मऊ, हात मारला तर गादीसारखी दबणारी. त्या सालीत एक चिमुकला तपकिरी पक्षी, उंदरासारखा खोडावर सरकत चढणारा, आपल्या मापाचा खळगा करून झोपायचा. बाई मला कुंपणाशी नेऊन तो खळगा दाखवत आणि कुजबुजत, "भाडेकरू. डिपॉझिट नाही, कटकट नाही."

फेब्रुवारीच्या आसपास त्यांच्याकडे झाडांचं नवीन वर्ष येतं. त्या दिवशी बाई मलिदा करत. भिजवलेले पोहे, ओलं खोबरं, साखर, वेलची, वर फळं आणि सुका मेवा. कोकणातल्या त्यांच्या लोकांची ही फार जुनी चाल, इलियाहू हन्नाबी या पैगंबराच्या नावानं. ताट घेऊन त्या कुंपणातल्या फाटकातून शेजारी जात, झाडाखाली प्रार्थना म्हणत आणि हजर असेल त्याच्या हातावर मलिदा ठेवत. शेजारचा इंग्रज म्हातारा दरवर्षी टाय लावून हजर असे. मलिदा खाऊन म्हणे, "व्हेरी गुड राइस पुडिंग." बाई मला मराठीत सांगत, "याला मेल्याला पंचवीस वर्षं सांगतेय, पोहे आहेत म्हणून."

तो म्हातारा वारला आणि घर विकायला निघालं. ही बातमी समीरला मी दिली. समीर माझा जुना सहकारी, पुण्याचा, चांगला माणूस. तो, त्याची बायको आणि सहा वर्षांची ओवी भाड्याच्या फ्लॅटमध्ये गुदमरले होते. बाईंना मराठी शेजार मिळेल, त्यांना बाग मिळेल, असा माझा हिशेब. पहिल्या वर्षी तो हिशेब बरोबरही आला. ओवीनं मलिदा दोनदा मागून घेतला. समीर बाईंना मावशी म्हणायला लागला आणि बाईंनी त्याच्या कुटुंबाला व्हल्नरेबलमधून लीस्ट कन्सर्नमध्ये आणलं.

मग एक कोरडा उन्हाळा आला. इथली जमीन चिकणमातीची. पाऊस पडला नाही की ती आकसते, आणि मोठी झाडं उरलंसुरलं पाणी ओढून घेतात. समीरच्या मागच्या भिंतीला चीर पडली. विमा कंपनीचा माणूस येऊन गेला आणि त्यानं झाडाकडे बोट दाखवलं.

समीरनं मला फोन केला. "अगं, मला काय हौस आहे का? ओवीच्या खोलीत चीर आहे, बोट आत जातं. इन्शुरन्सवाले म्हणतात, झाड काढा, नाहीतर क्लेम विसरा. तू सांग ना मावशींना. तुझं ऐकतात त्या."

मी सांगितलं. बाई शांतपणे उठल्या, फाटकातून शेजारी गेल्या आणि समीरच्या दारात उभ्या राहिल्या. मी मागे.

"मावशी, आत या ना."

"मावशी म्हणू नकोस. झाड कापणाऱ्यांची मी मावशी नाही. हे एन्डेंजर्ड आहे, ठाऊक आहे तुला? लाल यादीत आहे. तिकडे डोंगरात आगी लागतात, हजार हजार वर्षांची झाडं उभी जळतात. आणि तू इथे भिंतीला पोटीस लावायला याला कापणार?"

"पण मावशी, इंग्लंडमध्ये ही ढिगानं आहेत. मी वाचलं. तिकडच्यापेक्षा इथे जास्त झालीत म्हणतात."

हे त्यानं खरंच वाचलं होतं. श्रीमंत इंग्रजांनी एकेकाळी हौसेनं लावली, ती इथल्या ओल्या हवेत झपाट्यानं वाढली. बाईंनाही ते माहीत होतं. त्या परत फिरल्या आणि घरात आल्यावर मला म्हणाल्या, "कर तुझी यादी."

मी केली. पहिली ओळ: कौन्सिलच्या (म्हणजे इथल्या नगरपालिकेच्या) ट्री ऑफिसरला बोलावणे. दुसरी: झाडाला संरक्षणाचा आदेश मिळवणे. मला अशी कामं जमतात. पंधरा दिवसांत ट्री ऑफिसर दारात होती. तिशीच्या आतली, चिखलाचे बूट, पाठीवर सॅक. तिनं झाडाला हात लावला, तो खळगा स्वतःहून शोधला आणि बाईंकडे बघून हसली. बाईंनी तिला तिथल्या तिथे चहा दिला. साखर घालून.

पण चहा पिताना ती स्पष्ट बोलली. "लाल यादीचा इथे उपयोग होणार नाही. ती यादी झाड त्याच्या मूळ प्रदेशात किती उरलंय ते मोजते. बाहेर लावलेली झाडं त्यात धरत नाहीत. आणि आमचा आदेश बघतो की झाड लोकांना दिसतं का, लोकांना त्याचं काय वाटतं."

मी भाषांतर करायची गरज नव्हती, तरी बाई मराठीत माझ्याकडे वळून बोलल्या. "म्हणजे घर सोडलं की मोजणीतून बाद. बरोबर आहे. आमचंही तेच. मुंबईत विचारलं तर म्हणतात, ते इस्राएलला गेले. इस्राएलमध्ये म्हणतात, ते भारतातले. लंडनवाल्यांना कोण मोजतंय?" मग तिच्याकडे वळून इंग्रजीत, "आणखी एक कप?"

जूनमध्ये तात्पुरता आदेश निघाला. सहा महिने झाडाला कोणी हात लावू शकणार नव्हतं. त्या मुदतीत कौन्सिल दोन्ही बाजू ऐकून तो कायम करणार किंवा सोडून देणार. समीर हरकत घेणार हे उघड होतं. ट्री ऑफिसरनं मला बाजूला घेऊन बजावलं, "तुमच्या बाजूचं निवेदन लेखी हवं. जुलैच्या मध्यापर्यंत. ते आलं नाही तर माझ्या हातात काही राहत नाही."

ज्या दिवशी आदेशाचं पत्र आलं त्या दिवशी मी माझ्या तक्त्यात "झाड: संरक्षण आदेश" या ओळीपुढे टिक केली.

जुलैच्या पहिल्या रविवारी बाईंनी मला अकरा पानं दिली. हातानं लिहिलेली, इंग्रजीत, दोन्ही बाजूंना समास सोडून. मी तिथेच दोन पानं वाचली. कॅलिफोर्नियातल्या आगी, लाल यादी, सालीची जाडी, शंकूच्या आकाराची फळं वर्षानुवर्षं मिटून कशी राहतात आणि आगीच्या धगीनं कशी उघडतात. मला वाटलं, हे कोण वाचणार? ऑफिसात मी लोकांच्या अहवालांची दोन पानं करते, तेच माझं काम. म्हटलं, "बाई, मी टाइप करते, जरा आटोपशीर करते आणि पाठवते." त्या म्हणाल्या, "शब्द कापू नकोस." मी बरं म्हटलं आणि पानं निळ्या फोल्डरमध्ये घालून बेसिंगस्टोकला आणली. फोल्डर ड्रॉवरमध्ये ठेवला. शनिवारी निवांत बसून मुद्दे काढायचे होते.

माझा तक्ता रोज सकाळी मला फक्त न झालेली कामं दाखवतो. झाडाच्या ओळीपुढे टिक होती. ते झाड मला पुन्हा दिसलंच नाही.

जुलैअखेर बाईंनी फोनवर विचारलं, "पाठवलंस ना गं?" मी फोन कानाशी धरूनच तक्ता उघडला, टिक बघितली आणि म्हटलं, "झालं, बाई." मी खोटं बोलत नव्हते. हे वाक्य मी नंतर स्वतःला पुष्कळ वेळा ऐकवलं आहे.

ऑक्टोबरात निर्णयाचं पत्र आलं. आदेश कायम केलेला नाही. घरमालकाची हरकत विमा कंपनीच्या अहवालासकट मिळाली. समर्थनाचं एकही निवेदन मिळालं नाही.

बाईंनी मला ते फोनवर वाचून दाखवलं. मी बसल्या जागेवरून उठून ड्रॉवर उघडला. निळा फोल्डर तिथे होता. फोन ठेवल्यावर मी पहिल्यांदा अकराही पानं वाचली.

नवव्या पानापासून पुढे एक यादी होती. समोरच्या बसथांब्यावरून छपरांच्या वर ते झाड दिसायचं. बाई आठ-दहा दिवस तिथे जाऊन उभ्या राहिल्या होत्या, सत्त्याऐंशीव्या वर्षी, काठी घेऊन, आणि बसची वाट बघणाऱ्या प्रत्येकाला त्यांनी विचारलं होतं, "तिकडे बघा. काय दिसतं?" माणसाचं नाव, राहण्याची गल्ली, त्यानं उच्चारलेलं वाक्य. एक नर्स म्हणाली होती, रात्रपाळीहून येताना हे दिसलं की घर आलं असं वाटतं. एका गुजराती आजोबांनी सांगितलं होतं की नातवाला पहिला शब्द त्यांनी या झाडाकडे बोट दाखवून शिकवला. शाळेतली मुलं, बसचा ड्रायव्हर, सिनेगॉगचा पहारेकरी. झाड लोकांना दिसतं का, लोकांना त्याचं काय वाटतं. ट्री ऑफिसरनं जे मागितलं होतं तेच, तीन पानं भरून. यातलं एक अक्षरही कापायची गरज नव्हती.

पुढच्या रविवारी मी सांगायचं ठरवून गेले. वाक्य तयार केलं होतं. बाई टेबलाशी बसल्या होत्या आणि दोष कुणाचा ते त्यांनी ठरवून टाकलं होतं.

"पत्र पोस्टानं पाठवलं असतं तर म्हटलं असतं हरवलं. इमेल कुठे हरवते? त्या पोरीनं दाबलं. चहा प्यायली माझ्याकडे, साखर घालून, आणि दाबलं. नाही तर काय झालं असेल?"

त्या माझ्याकडे बघत होत्या. मी म्हटलं, "असेल."

एवढा एक शब्द. त्यावर त्यांनी तक्रार सांगायला सुरुवात केली आणि मी लॅपटॉप उघडून टाइप करायला. ट्री ऑफिसरचं नाव घालून, तारखा घालून, "हेतुपुरस्सर" हा शब्द घालून. या वेळी मी काही आटोपशीर केलं नाही, घरीही नेलं नाही. त्यांच्या समोर पाठवलं.

"पोचलं?"

"पोचलं, बाई. लगेच पोच आली."

"बघ. इमेल हरवत नाही."

डिसेंबरात आदेशाची मुदत संपली. बाईंनी समीरकडे एकच गोष्ट मागितली. "झाडांचं नवीन वर्ष होऊ दे. मग काप." समीर हो म्हणाला, आणि मला वाटतं तो मनापासून म्हणाला. पण झाडं कापणाऱ्यांचं दुसरं काम रद्द झालं आणि ते ठरल्याच्या आधी, झाडांच्या नवीन वर्षाच्या दोन दिवस अलीकडे आले. समीरनं थांबवलं नाही. नंतर मला म्हणाला, "परत कधी तारीख मिळाली असती कोण जाणे."

असं झाड एका घावात पाडत नाहीत. माणूस दोरावर चढतो आणि शेंड्यापासून तुकडे करत खाली येतो. नवीन वर्षाच्या दिवशी मी रजा काढून गेले तेव्हा पुरुषभर उंचीचा बुंधा उरला होता आणि फांद्या मशीनमध्ये जात होत्या. सगळ्या गल्लीला राळेचा वास. बाईंनी मलिदा केला होता. ताट घेऊन त्या फाटकातून आत गेल्या, बुंध्याशी उभ्या राहिल्या, मशीन बंद होईपर्यंत थांबल्या आणि प्रार्थना म्हणाल्या. मग कामगारांना एकेक करून बोलावलं. "यांचा काय दोष? हात दाखवा रे." हेल्मेट काढून, हातमोजे काढून त्यांनी हात पुढे केले. एक जण म्हणाला, "सॉरी, लव्ह." बाई म्हणाल्या, "ईट."

समीर दाराच्या काचेमागे होता. ओवी शाळेत होती.

तेवढ्यात ती ट्री ऑफिसर आली. तिला यायचं काही कारण नव्हतं. तिच्यावर तक्रार चालू होती, खरं म्हणजे तिनं यायलाच नको होतं. ती कुंपणाशी थांबून म्हणाली, "मी सगळीकडे शोधलं. तीन वेळा शोधलं. मला काही मिळालं नव्हतं, शपथ."

बाई तिच्याकडे गेल्या. मुलीनं ताट बघून हात पुढे केला. बाई म्हणाल्या, "नॉट यू."

मग त्या माझ्याकडे आल्या आणि माझ्या हातावर दुप्पट मलिदा ठेवला. "हिनं माझ्यासाठी किती धावपळ केली," त्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा इंग्रजीत म्हणाल्या. "ही नसती तर मी एकटी होते."

मुलगी रिकामा हात खिशात घालून उभी होती. मी मलिदा खाल्ला. सगळा खाल्ला, कारण बाई बघत होत्या.

मार्चमध्ये मी त्या मुलीला एक इमेल लिहिली. खरं सांगणारी नव्हे, नुसती कशी आहेस विचारणारी, दोन ओळींची. हा पत्ता आता वापरात नाही, असं उत्तर आलं. ती स्वतः सोडून गेली, का बदली झाली, का घालवली, मला माहीत नाही. विचारायला कुणाला फोन करायचा हेही मला माहीत होतं आणि मी केला नाही.

समीरची भिंत दुरुस्त झाली. चीर बुजली, ओवी त्या खोलीत नीट झोपते. हेही लिहायला हवं.

बाई उन्हाळाभर खिडकीशी बसून असायच्या. डब्यांवरच्या चिठ्ठ्या त्यांनी बदलायच्या सोडून दिल्या. सकाळी खिडकी उघडत, पण बोलत काही नसत. ऑगस्टमध्ये त्यांना हॉस्पिटलात नेलं. तिथे त्या भाच्याशी आणि माझ्याशी झाडाबद्दल एकदाही बोलल्या नाहीत असं मला वाटत होतं.

माझ्यापुरतं ते खरं होतं. आवराआवरीच्या त्या रविवारी दुपारी दोनच्या सुमारास, आम्ही बाईंच्या टेबलाचे खण रिकामे करत असताना, भाच्याला एक जाड लिफाफा सापडला. तक्रारीची प्रत, कौन्सिलचं उत्तर, त्याखाली बाईंच्या अक्षरात "पुढे?" कौन्सिलचं उत्तर सभ्य होतं: निवेदन आल्याची नोंद सापडली नाही, संबंधित कर्मचाऱ्याशी बोलणं झालेलं आहे.

"आँटीनं माझ्याकडून प्रॉमिस घेतला," भाचा म्हणाला. "हॉस्पिटलमध्ये. हा मॅटर सोडायचा नाही. त्या ट्री ऑफिसरनं मुद्दाम केलं, आणि कोणी काय केलं नाही. मी ऑम्बुड्समनला लिहिणार आहे, कौन्सिलच्या वरती कंप्लेंट बघतो तो. यू नो, प्रॉपर फाइल करून. तू सगळे पेपर लाव ना क्रमानं. तू तर ऑर्गनाइज्ड आहेस."

त्याची बायको माझ्याकडे बघून हसली. व्हॅनवाल्यांपैकी एकानं विचारलं, खुर्ची हिरवी की लाल.

"लावते," मी म्हटलं. "शुक्रवारपर्यंत पाठवते."

त्या दिवसाच्या यादीत चौदा कामं होती. किल्ल्या एजंटला दिल्या. मीटरचे आकडे कळवले. पाण्याचं, विजेचं खातं बंद केलं. लायब्ररीची तीन पुस्तकं परत केली. सिनेगॉगला प्रार्थनापुस्तकं पोचवली. तेरा ओळींपुढे टिक आहे.

त्यानंतर चार शुक्रवार गेले. भाच्याचे दोन मेसेज आले, दुसऱ्यात त्यानं घाई नाही असं लिहिलं आहे. चौदावी ओळ: भाच्याला फोन करून सांगणे, की पानं माझ्याकडे होती, आणि तेच, त्या ट्री ऑफिसरचा काही दोष नव्हता असं तिचं नाव घेऊन, कौन्सिलला लेखी कळवणे.